जबड्यातली जन्मतारीख

बैलाचा सौदा ठरताना मालक काय सांगतो याला फारसे महत्त्व नसते. घेणारा आधी जबडा उघडतो. सगळे दुधाचेच दात असले तर तो ‘आदत’. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पक्क्या दातांची पहिली जोडी आली की ‘दोन दाती’. मग चार, सहा, आणि पाचेक वर्षांचा होईतो ‘जुळलेला’. शिंगावरची वळीही मोजतात, पण ती कानशीने घासून बैल तरुण करता येतो. दातांशी अशी लबाडी करणे अवघड.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात हेच जन्माचे दप्तर होते. जव्हारचे मुकण्यांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, ठाणे जिल्हा आला, २०१४ साली पालघर झाला. जबडा उघडण्याची रीत तीच राहिली.

इथले जनावर डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, टणक काळे खूर आणि मुसळधार पावसात टिकू देणारी तेलकट कातडी. दूध बेताचेच, खरी किंमत भाताच्या चिखलणीत. जोशी आणि फिलिप्स यांच्या १९५३ सालच्या, जागतिक अन्न व कृषी संघटनेने काढलेल्या झेबू गुरांवरील ग्रंथात डांगीची स्वतंत्र नोंद आहे. जात कागदावर आली. एकेका वासराचा जन्म मात्र आठवणीतच राहिला: गाय कितव्या वेताची, गोऱ्हा की कालवड, किती पावसाळे झाले.

या आठवणीला एक मोठे भोक होते. आई ठाऊक, बाप नाही. रानात मोकळ्या चरणाऱ्या कळपात कोणता वळू लागला, हे पाहिले असलेच तर गुराख्याने. इंग्लंडमध्ये १८२२ साली निघालेल्या कोट्सच्या वंशावळीत शॉर्टहॉर्न गुरांच्या पिढ्या छापल्या गेल्या. इथला वंशावळीचा कारकून काठी घेऊन रानात उभा होता, आणि त्याला लिहायला कुणी सांगितले नव्हते.

लिहिले की नोंद खरी होते, असेही नाही. व्यापारी वराहपालनात प्रत्येक मादीचे कार्ड असते, पिलांच्या कानांना खाचा पाडून वेताचा आणि पिलाचा क्रमांक देतात. पण मादी ११४ दिवसांनी विते ती पुष्कळदा रात्री. सकाळी कामगाराला अंगाखाली चिरडलेले पिलू दिसते. ते मेलेलेच जन्मले, की जन्मून मेले? फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकून पाहतात: श्वास घेतलेले तरंगते, न घेतलेले बुडते. रोजच्या धबडग्यात एवढे कोण करतो! आकडा अंदाजाने एका रकान्यात जातो आणि दोष कधी मादीच्या माथी, तर कधी ती विते त्या पिंजऱ्याच्या.

पशुगणनेचा तर जन्माशी संबंधच नाही. १९१९ पासून ती गोठ्यात त्या घडीला उभी असलेली जनावरे मोजत आली; जातवार मोजणीला एकविसावे शतक उजाडावे लागले.

आता कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. लाळ्या-खुरकूत निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्याबरोबर तो वाड्यापाड्यांवर पोचला. अंक चुकत नाही. पण मोठ्या जनावराला बिल्ला ठोकताना वय विचारायचे मालकालाच, आणि मालक मोजतो पावसाळे. शंका आली तर बिल्ला ठोकणाराही जबडा उघडतो.