पाटावरचा पोळा

श्रावण सरत आला. डवरणी आटोपली, निंदण थोडं राहिलं असेल. जानेफळच्या बाजारात घुंगरमाळा, गोंडे, मटाट्या दिसू लागल्या की लेकरं विचारतात, “आई, पोळा कधी?” आज त्याच पोळ्याचा इतिहास सांगते. वेशीतला थोडा आणि घरातला जास्त.

वेशीतला पोळा तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. अमावास्येला त्यांना धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, तोरणाखाली उभं करायचं. झडत्या होतात, पोळा फुटतो. या पोळ्याचे जुने कागद सापडतात. पाटीलकीच्या वतनाच्या जुन्या कागदांत मानपानाच्या याद्या असतात, त्यात होळीची पोळी असते तसे पोळ्याचे बैलही असतात. कोणाचा बैल आधी निघायचा, यावरून भाऊबंदांत तंटे झाले आणि ते सरकारदरबारी गेले. भांडणं झाली म्हणून कागद झाले, आणि कागद झाले म्हणून आज आपल्याला कळतं.

पण त्या कागदांत पुरण शिजवणारी बाई नाही. मातीचे बैल करणारं लेकरू नाही. ज्याच्या घरी बैलजोडीच नाही, तो शेतमजूरही नाही.

मग त्यांचा पोळा किती जुना? इथे मातीच साक्ष देते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली त्यांना मातीचं झाकणाचं भांडं सापडलं. त्याच्याबरोबर बाईच्या मूर्ती होत्या आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं, सुमारे 3300 वर्षांपूर्वीचं. एका बाईच्या मूर्तीला शिर नाही. तिच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही. मधे काडी घातली की ती बैलावर बसते. ती कोणती देवी, तिची पूजा कशी करायचे, हे त्या मातीवर लिहिलेलं नाही. तोच आपला पोळा होता, असं मी म्हणणार नाही. पण बाई, बैल आणि घरातली माती ही तीन या महाराष्ट्रात तेव्हाही एकत्र होती.

आणि पोळ्याची अमावास्या हीच पिठोरी अमावास्या. आई लेकरांसाठी उपास धरते. अनेक घरांत ती खीर-पुरीचा नैवेद्य डोक्यावर घेऊन “अतीत कोण?” म्हणून विचारते आणि मागे उभं असलेलं लेकरू “मी” म्हणतं. वेशीत बैलाचा दिवस, घरात लेकरांचा. नागपूरकडे तर दुसऱ्या दिवशी तान्हा पोळाच भरतो. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला असं तिकडे सांगतात, म्हणजे 1788 ते 1816 या त्यांच्या राजवटीत. लहान मुलं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मिळवतात. आपल्याकडे त्या मानाने मातीच्या जोडीवरच भागतं, आणि मला तेच बरं वाटतं. लाकडी बैल विकत घ्यावा लागतो, माती फुकट आहे.

आता घरची गोष्ट. माझी आजी तरुणपणीच विधवा झाली. बैल दाराशी आले की पाय धुवायला आणि ओवाळायला घरच्या सवाष्णी पुढे व्हायच्या. आजी आत चुलीपाशी. पुरण तिनेच वाटलेलं असायचं. पण पाटावर आम्हा पोरांचे मातीचे बैल मांडले की ती बाहेर येऊन बसायची. हळद-कुंकू लावायची, आमच्या हाताने घास भरवायची आणि प्रत्येकाला विचारायची, “या बैलानं तुझ्यासाठी काय केलं, सांग.” कोणी म्हणायचं ज्वारी, कोणी म्हणायचं खाटल्यावरून मामाच्या गावी नेलं. पाटावरच्या त्या बैलांपाशी तिला कोणी अडवलं नाही. मोठी झाल्यावर मला कळलं, तिचा पोळा तेवढाच होता.

अशीच एक विधवा अमेरिकेत होती, सारा हेल. पाच लेकरं पदरात, पोटासाठी ती लिहू लागली आणि पुढे बायकांच्या मासिकाची संपादक झाली. तिकडे नोव्हेंबरात घरोघरी जेवण करून पिकापाण्याचे आभार मानायचा सण आहे. तो साऱ्या देशाने एकाच दिवशी पाळावा म्हणून ती वर्षानुवर्षं राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत राहिली. 1863 मध्ये लिंकनने तशी घोषणा केली. आपल्याकडे 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आजी तेव्हा नव्हती.

बैल आता कमी झाले. कित्येक घरांत ट्रॅक्टरलाच हार घालतात. त्याला माझी हरकत नाही, पण ट्रॅक्टरला घास भरवता येत नाही आणि लेकरांचा मुख्य आनंद तोच असतो. म्हणून मातीचे बैल सोडू नका. शेतातली काळी माती एकटी घेऊ नका, वाळताना तडकते. ओढ्याकाठची चिकण माती घ्या, थोडी राख मिसळा. शिंगांना तुराटीच्या काड्या, डोळ्यांना ज्वारीचे दाणे. दोन दिवस आधी करा, म्हणजे सावलीत वाळतात.

आणि एक. दोन तासांमधलं तण बैल डवऱ्याने काढतो, झाडांच्या बुडातलं आपण वाकून खुरप्याने काढतो. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आपण मात्र त्या दिवशी पहाटेपासून डाळ शिजवतो. यंदा पाटावर बैल मांडले की लेकरांना आजीचा प्रश्न विचारा, आणि मग शेजारी बसलेल्या बाईकडे बोट दाखवून तोच पुन्हा विचारा. काय म्हणतात ते पुढच्या बैठकीत सांगा. आमच्या घरी मागल्या वर्षी धाकटा म्हणाला, “आई, आज पोळ्या मी लाटतो.” तीन लाटल्या. एकही गोल नव्हती, बैलाने तिन्ही खाल्ल्या.