बारा घरे आणि मधला चौक

म्हैसुरात वाढलेल्या मराठी घरात मूल जन्माला येते, जवळच्या जोशांकडून टिपण करवून घेतले जाते, आणि ते पुण्याकडच्या आजीच्या हाती पडले की तिची पहिली अडचण अशी होते की कागद धरावा कोणत्या बाजूने? आपल्याकडची कुंडली शंकरपाळ्यांची. तिच्यात लग्नाचे घर वरच्या मध्यभागी कायमचे ठरलेले. राशी मात्र आकड्यांच्या रूपाने ह्या घरातून त्या घरात फिरतात आणि गणती डावीकडून खाली उतरत जाते. म्हैसूरची कुंडली चौकोनी. भोवताली बारा घरे, मध्ये वाड्याच्या चौकासारखी रिकामी जागा. येथे राशी जागच्या हलत नाहीत. वरच्या डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या शेजारी मेष, आणि गणती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. लग्न कोठे आहे हे एका तिरप्या रेघेने दाखविलेले असते, ती रेघ सापडेपर्यंत आजीला सारे अगम्य.

आम्हांला ह्या चौकोनाचे नवल वाटले ते एका वेगळ्याच कारणाने. चिनी ज्योतिषात ‘त्झ-वेइ तोऊ-शू’ नावाची एक पद्धती आहे. ध्रुवाजवळच्या, सम्राटाचा मानल्या गेलेल्या ‘त्झ-वेइ’ ताऱ्याचे नाव तिला मिळाले आहे आणि परंपरा तिचे जनकत्व इ. स. ९८९ मध्ये निवर्तलेल्या छन थुआन ह्या ताओपंथी साधूला देते. त्या पद्धतीची पत्रिका पाहावी तर थेट म्हैसूरच्या जोशांनी मांडल्यासारखी! भोवताली बारा चौकोन, ज्यांची चिन्हे जागच्या जागी स्थिर, आणि मधल्या चौकात जातकाचे नाव व जन्मवेळ. गंमत अशी की, चौकट म्हैसूरची असली तरी घरे मोजण्याची दिशा पुण्याची आहे, म्हणजे काट्यांच्या उलट. अर्थात कागदावरचे चौकोन सारखे दिसले म्हणून एकाने दुसऱ्याचे उचलले असे म्हणण्याइतके आम्ही उतावीळ नाही. चौकोनाच्या कडेने बारा खणे पाडण्यास कोणा परदेशी गुरूची गरज नसते. पुरावा शोधायचा तो खणांत नव्हे, खणांच्या नावांत.

ती नावे अशी: आयुष्य, भावंडे, जोडीदार, अपत्ये, संपत्ती, आजार, स्थलांतर, दास, अधिकार, जमीनजुमला, सुखपुण्य आणि शेवटी आईबाप. आपल्या तनु, धन, सहज, सुहृद्, सुत, रिपु, जाया, मृत्यु, धर्म, कर्म, आय, व्यय ह्या मालिकेशी ही यादी जुळते आणि जुळतही नाही. परंतु चीनमध्येच ह्याहून वेगळी अशी एक ग्रहपद्धती आहे. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि चार अदृश्य ‘शेषे’ अशा अकरांवर ती उभी आहे. तिच्यातला क्रम पाहा: आयुष्य, संपत्ती, भावंडे, जमीन, मुले, दास, पत्नी, आजार, स्थलांतर, अधिकार, सुखपुण्य, रूप. दुसरे धनाचे, तिसरे भावंडांचे, चौथे घरादाराचे, पाचवे संततीचे, सातवे पत्नीचे, दहावे अधिकाराचे! येथे योगायोगाची भाषा संपते. त्या चार अदृश्य शेषांपैकी दोहोंची नावे ‘लुओ-होउ’ आणि ‘ची-तू’ अशी आहेत. ती दुसरीतिसरी कोणी नसून आपले राहू आणि केतू होत.

ते तिकडे गेले कसे? थांग राजवटीत चांगआन ह्या राजधानीत गौतम नावाचे एक भारतीय घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यातील गौतम सिद्धाने इ. स. ७१८ मध्ये ‘नवग्रह’ ह्या शब्दाचेच चिनी रूप नाव म्हणून दिलेला पंचांगग्रंथ राजाज्ञेने सिद्ध केला. अमोघवज्र ह्या बौद्ध आचार्याने ७५९ साली नक्षत्रे आणि ग्रह ह्यांवरचा ग्रंथ चिनीत आणला. पुढे ७८५ ते ८०५ ह्या कालखंडात पश्चिम भारतातून आणलेला म्हणून आणखी एक ग्रंथ चिनी इतिहासकारांनी नोंदविला आहे. त्याच्या मुळाशी ग्रीक फलज्योतिष होते असे आजचे अभ्यासक मानतात. परमुलखात राहून आपले आडनाव आणि आपले पंचांग सांभाळणारे ते गौतम घराणे आम्हांला उगाच जवळचे वाटते.

ग्रीकांचे नाव निघाले की आपल्याकडे अजूनही भुवया चढतात. पण हिबुक, जामित्र, मेषूरण, रिःफ, केंद्र, पणफर, आपोक्लिम हे शब्द संस्कृत धातूंतून काढू जाल तर पाणिनीलाही घाम फुटेल. ती ग्रीक नावांची संस्कृत रूपे आहेत. सप्तमस्थानाचे ‘जामित्र’ हे नाव कालिदासाने पार्वतीच्या विवाहप्रसंगी निःसंकोच वापरले आहे, आणि यवन म्लेच्छ असले तरी ह्या शास्त्रामुळे ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात हे वराहमिहिराने सहाव्या शतकात नमूद करून ठेवले आहे. ह्या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात केला. तो ग्रंथ पुढे हिंदीत आणि इंग्रजीत उतरला, पण त्याची मूळ भाषा आपली आहे ह्याचा अभिमान धरण्यास हरकत नसावी.

घेतलेल्या वस्तूपेक्षा ती घेताना केलेला बदल अधिक बोलका असतो. ग्रीकांच्या नवव्या घरात देव आणि परदेशप्रवास दोन्ही होते. आपण त्यातून धर्म निवडला, चिन्यांनी प्रवास. त्यांचा शब्द तर सरळ बिऱ्हाड हलविण्याचा आहे. सहाव्या घरात आपण शत्रू बसविला, त्यांनी नोकरचाकर. ‘त्झ-वेइ’च्या बारा घरांत शत्रूला स्वतंत्र खोलीच नाही, पण आईबापांना आहे, आणि तीही आयुष्याच्या घराला लागून. ज्या समाजात पितृसेवा हा सर्व धर्मांचा पाया, त्याने ही भिंत पाडून नवी खोली काढावी हे साहजिकच होते. आपण मात्र शेवटचे घर खर्चासाठी राखले. ‘बाराच्या भावात गेला’ असे कोणी म्हणाले की निदान आमच्या कानांना तरी त्यात व्ययस्थानच ऐकू येते. फलादेशावर आमचा विश्वास बेताचाच. परंतु एखाद्या समाजाला माणसाच्या जन्माविषयी कोणते बारा प्रश्न विचारावेसे वाटले ह्याचा असा दस्तऐवज दुसरा नाही.

म्हैसुरात ह्या प्रश्नांना एके काळी फार कठोर अर्थ होता. मुम्मडी कृष्णराज वोडेयर १७९९ साली वयाच्या पाचव्या वर्षी गादीवर आले आणि १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार त्यांच्या हातून काढून घेतला. राजा राहिला, राज्य गेले. दहावे घर ओस पडले. कारभार गेल्यावर ह्या राजाने विद्या आणि कला ह्यांत मन घातले. त्यांच्या नावावर असलेला ‘श्रीतत्त्वनिधी’ हा नऊ निधींचा प्रचंड सचित्र ग्रंथ. त्यात शक्ती, विष्णू, शिव ह्यांच्याबरोबर ग्रहांचाही एक स्वतंत्र निधी आहे. ह्यातील पहिले तीन निधी मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने देवनागरीत छापले होते.

पण राजाची खरी लढाई पाचव्या घराची, म्हणजे वारसाची होती. १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तक नामंजूर झाले, १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले आणि १८५५ मध्ये तंजावरही गेले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. हे सारे पाहत म्हैसूरचा राजा अर्जांमागून अर्ज करीत राहिला. १८६५ साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी चामराजेंद्र ह्या बालकाला दत्तक घेतले. १८६७ मध्ये ब्रिटिश सरकारने ते मान्य केले. पुढच्याच वर्षी राजाचा अंत झाला. राज्य परत मिळाले ते १८८१ मध्ये, त्या दत्तक पुत्राला. ग्रहनिधीतील देवतांच्या बळावर हे घडले असे म्हणणारे म्हणोत. आम्हांला दिसते ती चिकाटी, आणि १८५७ नंतर संस्थाने गिळण्याबाबत इंग्रजांना आलेले शहाणपण.

१८९१ मध्ये म्हैसुरात प्राच्य ग्रंथालय स्थापन झाले. तेथे १९०५ साली तंजावरकडील एका पंडिताने आणून दिलेल्या ताडपत्रांत शामशास्त्र्यांना कौटिल्याचे अर्थशास्त्र सापडले आणि १९०९ मध्ये ते छापून निघाले. त्यात कौटिल्य बजावतो की, जो पोरकटपणाने सारखा नक्षत्रे विचारीत बसतो त्याच्या हातून अर्थ निसटतो. अर्थाचे नक्षत्र अर्थच, तारे काय करणार? हे वाक्य जगापुढे आणणाऱ्या शामशास्त्र्यांनी पुढे वेदांगज्योतिषाचेही संपादन केले. तो ग्रंथ १९३६ मध्ये म्हैसुरातूनच प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेने, प्राच्यविद्या संशोधनालय ह्या नव्या नावाने, श्रीतत्त्वनिधीचे खंडही छापण्यास घेतले, आणि अर्थशास्त्राची ती ताडपत्रे तेथेच जपून ठेवली आहेत.