झोपलेल्या फोनचं घड्याळ

आजची गोष्ट घड्याळाची आहे, आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

अंबड तालुक्यात आमच्या काकांची मोसंबीची बाग आहे. शेतीची लाइट रात्रीची. म्हणून मी एक छोटं ॲप लिहिलं: मोटर चालू केली की बटण दाबायचं, दोन तासांनी फोन वाजेल. लॅपटॉपला वायर लावून चारदा तपासलं, बरोबर वाजला. मग ऐन उन्हाळ्यात एका रात्री काका बटण दाबून झोपले. पहाटे उठले तरी फोन गप्पच! ॲपच्या हिशेबानं अजून दीड तास बाकी होता. तोवर विहिरीनं तळ गाठलेला, मोटर कोरडी फिरून जळालेली. ती भरून आणावी लागली. काका एवढंच म्हणाले, “अरे, तुझे दोन तास केवढे असतात रे?”

उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

१ जानेवारी १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ आली. सूर्याच्या हिशेबानं आपलं जालना तिच्यापेक्षा साधारण २६ मिनिटं मागे, तर मुंबई ३९ मिनिटं. मुंबईकरांना हे पटेना. रेल्वे नव्या वेळेवर धावू लागली, पण महापालिका ‘बॉम्बे टाइम’ला चिकटून राहिली, ती पार १९५५ पर्यंत! म्हणजे जवळपास ५० वर्षं एका शहरात दोन वेळा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. फक्त कोणत्या घड्याळात वाजले, ते विचारायला विसरलात की गाडी चुकली.

फोनच्या आतही हेच चालतं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल असतं. त्यातलं एक घड्याळ म्हणजे ‘मोनोटॉनिक’. ते कधी मागे जात नाही, पण फोन सस्पेंड झाला, म्हणजे गाढ झोपला, की तेही थांबतं. माझ्या ॲपनं नेमकं झोपेत थांबणारं घड्याळ धरलं होतं. वायर लावलेली असताना फोन गाढ झोपतच नव्हता, म्हणून चूक दिसली नाही.

झोपेतले तासही मोजणारं ‘बूटटाइम’ हे घड्याळ लिनक्समध्ये २०११ साली आलं. जाग आल्यावर कर्नल बॅटरीवर चालत राहिलेल्या छोट्या घड्याळाकडे बघतं, झोप किती झाली ते काढतं आणि तेवढा वेळ बूटटाइममध्ये मिळवतं. मोनोटॉनिकला मात्र हात लावत नाही.

मग दोन कशाला, एकच ठेवा की! २०१८ मध्ये हा प्रयोग झाला. मोनोटॉनिकलाही झोप मोजायला लावली. झालं काय, तर लॅपटॉप तासाभरानं जागा झाला की राखण करणाऱ्या प्रोग्रामला वाटायचं, बाकीचे तासभर गप्प आहेत, म्हणजे अडकले. तो त्यांना बंद करून टाकायचा! एप्रिलमध्येच बदल मागे घेतला गेला.

सगळ्यात नाजूक क्षण असतो झोपायला जाण्याचा आणि उठण्याचा. घड्याळ थांबवलेलं असतं, पण कोड अजून चालू असतो. तेव्हा एखाद्या ड्रायव्हरनं नेहमीच्या पद्धतीनं वेळ विचारली तर कर्नल लॉगमध्ये इशारा नोंदवतं. नोंदींसाठी वेगळी, जलद पद्धत आहे. ती अडखळत नाही, पण झोपेच्या क्षणी गोठलेला तोच आकडा पुन्हा पुन्हा देते. अशा दोन टाइमस्टॅम्पची वजाबाकी शून्य आली, म्हणून काम क्षणात झालं असं समजायचं नाही.

मी ॲप दुरुस्त केलं. झोप मोजणारं घड्याळ घेतलं आणि झोपेतूनही फोन उठवणारा अलार्म लावला. तपासलं वायर काढून, फोन रात्रभर उशाशी ठेवून.

तुम्हीही कोड लिहीत असाल, तर ‘किती वेळ झाला’ विचारण्याआधी ठरवा: कोणाचा वेळ? फोन जागा असल्याचा, की विहिरीतून पाणी जात असल्याचा? काकांची विहीर काही फोनसोबत झोपत नाही.

भेटूया पुढच्या भागात!