पाहुण्याचे पाणी : हॉटेलातील वाय-फायचा एक इतिहास

आल्यागेल्याला पाणी विचारणे हा आपल्याकडे पाहुणचाराचा पहिला पाठ. 'साधे पाणीसुद्धा विचारले नाही' या तक्रारीत राग पाण्याचा नसतो, माणूस म्हणून दखल न घेतल्याचा असतो. आजचा प्रवासी हॉटेलात खोलीची किल्ली हाती पडताच पहिला प्रश्न विचारतो तो मात्र वाय-फायच्या पासवर्डाचा. विकत घ्यायची एक चैन ते न मागता मिळायला हवे असे पाणी, हा प्रवास या सोयीने अवघ्या दीड-दोन दशकांत केला. त्याचा इतिहास तंत्रज्ञानाचा आहेच. पण त्याहून अधिक तो यजमान आणि पाहुणा यांच्यातील जुन्या व्यवहाराचा आहे.

या कथेची सुरुवात हॉटेलात होत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २.४ गिगाहर्ट्झसह काही रेडिओपट्टे परवान्याशिवाय वापरण्यास मोकळे केले. मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारखी उपकरणे जिथे नांदत होती, अशी ही एका अर्थाने पडीक जमीन. तिच्यावरच पुढे १९९७ मध्ये ८०२.११ हे बिनतारी जाळ्याचे मानक उभे राहिले आणि १९९९ मध्ये त्याला 'वाय-फाय' हे सुटसुटीत नाव मिळाले. हे आकाश कोणाच्याही मालकीचे नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी; पुढचे सारे भांडण तिच्यावरूनच झाले.

खोलीच्या भाड्यात काय धरायचे आणि कशाचे वेगळे पैसे लावायचे, हा हॉटेलव्यवसायाचा सनातन प्रश्न. एल्सवर्थ स्टॅटलर याने १९०८ मध्ये बफेलो येथे हॉटेल काढले तेव्हा दीड डॉलरमध्ये खोली आणि तिला जोडलेले न्हाणीघर, ही त्याची जाहिरात होती. त्या काळी सामान्य प्रवाशाला खाजगी न्हाणीघर हीच अपूर्वाई होती. दूरध्वनीचे मात्र उलट झाले. खोलीतून केलेल्या फोनवर अधिभार लावून हॉटेलांनी वर्षानुवर्षे चांगली कमाई केली. मोबाइल आला आणि तो झरा आटला. नेमक्या त्याच सुमारास इंटरनेट दाराशी आले. टेक्सासमधील वेपोर्टसारख्या कंपन्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हॉटेलांत इंटरनेट पुरवू लागल्या होत्या. पाहुण्याने संगणक उघडला की कोणतेही पान न दिसता आधी हॉटेलचेच पान समोर येई. चोवीस तासांचे शुल्क मान्य केले की दार उघडे.

इथे एक विसंगती दिसू लागली. हमरस्त्यावरच्या स्वस्त मोटेलात वाय-फाय फुकट आणि पंचतारांकित हॉटेलात त्याचे पैसे! पण तिच्यामागे साधा हिशेब होता. मोटेलची पाटी धावत्या गाडीतून वाचली जाते. वातानुकूलन, रंगीत टीव्ही ही आमिषे जिथे एकेकाळी रंगवली होती, तिथेच आता 'मोफत वाय-फाय' आले. मोठ्या हॉटेलातला पाहुणा मात्र बहुधा कंपनीच्या खर्चाने उतरलेला. बिलातली आणखी एक ओळ त्याला बोचत नव्हती.

या लोभाची परिसीमा टेनेसीतील नॅशव्हिल येथे गाठली गेली. तेथील गेलॉर्ड ओप्रीलँड या मॅरियट चालवीत असलेल्या हॉटेलात अधिवेशने भरत आणि त्यांत भाग घेणाऱ्यांना वाय-फायसाठी प्रत्येक उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर मोजावे लागत. काहीजण आपल्या मोबाइलवरूनच स्वतःचे छोटे जाळे उभारीत. हॉटेलच्या यंत्रणेने अशा जाळ्यांकडे जोडणी तोडण्याचे खोटे संदेश धाडून ती बंद पाडली. पाणी विकणे एकवेळ समजू शकते. पण इथे पाहुण्याने सोबत आणलेला तांब्याच उपडा केला जात होता. २०१३ मध्ये तक्रार झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियटने ६ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठीच आपण हे केले, असा तिचा बचाव होता. अशा अडवणुकीला मुभा मिळावी म्हणून केलेला अर्जही तिने जानेवारी २०१५ मध्ये मागे घेतला. हॉटेलच्या भिंती मालकाच्या असतील, आतले आकाश त्याच्या मालकीचे नाही, हे या प्रकरणाने ठरले.

त्याच वर्षी वारे फिरले. हयातने सर्व पाहुण्यांना वाय-फाय मोफत केले. मॅरियटनेही केले, पण तिच्या सदस्ययोजनेत नाव नोंदवून थेट तिच्याकडेच आरक्षण करणाऱ्यांना. ही अट महत्त्वाची आहे. पैशांऐवजी आता ओळख द्यायची होती.

ओळख मागण्याचा आपल्याकडचा इतिहास वेगळा. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि त्याआधी काही मिनिटे धाडलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वाय-फायपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या : सार्वजनिक जागी वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्राने किंवा मोबाइलवरील संदेशाने पटवून घ्यावी. हॉटेलात मोबाइल क्रमांक टाकून सांकेतिक अंकांची वाट पाहणाऱ्या पाहुण्याचे मूळ या घटनाक्रमात आहे.

हे सारे नवे वाटते, पण तसे ते नाही. इंग्रजी अमलातील १८६७ च्या सराई कायद्याने सराईच्या चालकावर जी कर्तव्ये घातली, त्यांतली दोन इथे आठवतात : प्रवासी आणि जनावरे ज्या विहिरी-तळ्यांचे पाणी वापरतात ती स्वच्छ राखणे, आणि दंडाधिकाऱ्याने मागितल्यास मुक्कामाला आलेल्यांची माहिती कळवणे. पाणी आणि नोंदवही ही जोडी तेव्हापासूनची आहे. वाटसरूची तहान भागवणारी जागा हीच त्याच्यावर नजर ठेवण्याचीही जागा असते.

फरक इतकाच की ती नोंदवही सरकारदरबारी जाई, हे वाटसरूला निदान ठाऊक असे. आजची नोंदवही सरकारच्या सुरक्षेसाठी किती, व्यापाऱ्याच्या हिशेबासाठी किती आणि ती मिटते केव्हा, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. पाणी फुकट झाले, हे चांगलेच झाले. आता पाहुण्याने पासवर्डाबरोबर नोंदवहीचीही चौकशी करायला हवी.