कपाटातून आलेलं नाव

जपानमध्ये 'वीकली शोनेन संडे' नावाचं मुलांचं कॉमिक साप्ताहिक आहे. जानेवारी १९९४ मध्ये त्यात गोशो आओयामा या चित्रकाराची 'मेइतांतेइ कॉनन', म्हणजे 'नामांकित गुप्तहेर कॉनन', ही चित्रकथा सुरू झाली. शिनिची कुदो हा शाळकरी पण पोलिसांनाही वाट दाखवणारा गुप्तहेर. काळ्या कपड्यांतले दोन इसम त्याला मागून टोला हाणतात आणि एक गोळी जबरदस्तीने घशाखाली घालतात. त्या गोळीने मरायचं सोडून पठ्ठ्या आकसतो आणि पहिलीतल्या पोराएवढा होतो.

आपण जिवंत आहोत हे त्या दोघांना कळता कामा नये, म्हणून तो घरी येऊन लपतो. वडील रहस्यकथाकार, त्यामुळे घरातली खोली छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली. तेवढ्यात त्याची बालमैत्रीण रान शोधत येते. हा वडिलांचा चष्मा नाकावर चढवतो आणि मागे सरकत सरकत पुस्तकांच्या फळीला टेकतो. बाळा, तुझं नाव काय? पाठीमागे आर्थर कॉनन डॉयल आणि एदोगावा राम्पो यांची पुस्तकं ओळीने उभी. पोरगा अडखळतो आणि सांगून टाकतो, एदोगावा कॉनन. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते, इथे ते काम कपाटाने केलं.

वाचणाऱ्या जपानी मुलांना यातली गंमत तिथल्या तिथे कळली असणार. पण नावाच्या दोन्ही अर्ध्या भागांचा माग काढत गेलं, की वाट जपानबाहेर फार लांब जाते.

आधी आडनाव घेऊ. एदोगावा राम्पो हे खरं नाव नव्हेच. माणसाचं नाव हिराई तारो, जन्म १८९४, मिए प्रांतातल्या नाबारी गावचा. वासेदा विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून बाहेर पडला आणि एका नोकरीत काही टिकेना. भावांबरोबर जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, रात्री गाडीवर शेवयांचं सूप विकलं. १९२३ मध्ये 'शिन सेइनेन' मासिकात तांब्याच्या नाण्यावरची त्याची पहिली रहस्यकथा छापून आली. लेखक म्हणून त्याने जे नाव घेतलं ते एडगर ॲलन पो हेच नाव, फक्त जपानी जिभेवरचं. एदोगा आरान पो, एदोगा आरान पो असं भरभर म्हणून पाहा, एदोगावा राम्पो कानावर पडेल. एवढ्यावर तो थांबला नाही. ते लिहायला चिन्हंही अशी निवडली, की त्यांतून 'एदो नदी' आणि 'झोकांड्या खाणारी पावलं' असा अर्थ निघावा. एदोगावा ही तोक्योच्या पूर्वेची खरीखुरी नदी. पोचं पिणं आणि बाल्टिमोरच्या एका गुत्त्यापाशी अर्धवट शुद्धीत सापडून त्याचं मरणं आठवलं, की ती पावलं कुणाची हे वेगळं सांगायला नको. टोपणनावं पुष्कळांनी घेतली, पण आवाज गुरूचा, अर्थ आपला आणि त्यात गुरूला एक चिमटा, असं तिन्ही एकदम साधलेलं दुसरं टोपणनाव माझ्या पाहण्यात नाही.

पोच्या नावातलं 'ॲलन' तरी कुठे त्याचं होतं? आई-बाप नाटकात काम करणारे. बाप घर सोडून गेला, १८११ मध्ये रिचमंडला आई वारली, तेव्हा पोर दोन वर्षांचं. तिथल्या जॉन ॲलन नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने त्याला घरी नेलं, पण रीतसर दत्तक घेतलं नाही. पुढे दोघांचं बिनसलं आणि १८३४ मध्ये ॲलन गेला तेव्हा मृत्युपत्रात पोच्या नावे छदामही नव्हता. राहिलं ते मधलं नाव. राम्पोच्या 'रा'मध्ये तो तंबाखूवाला अजून बसलेला आहे.

'कॉनन'चीही तीच तऱ्हा. डॉयल यांचा जन्म १८५९ चा, एडिंबरोचा. नात्याने आजोबा लागणारे मायकेल कॉनन पॅरिसला असत. पत्रकारिता आणि संपादन हा त्यांचा व्यवसाय. ते आर्थरचे धर्मपिता झाले आणि त्यांचं आडनाव पोराच्या नावात मधोमध येऊन बसलं. आडनाव खरं तर नुसतं डॉयल. ही डॉयल मंडळी चित्रकारांच्या घराण्यातली. आर्थरचे सख्खे आजोबा जॉन डॉयल हे 'एच. बी.' या सहीने राजकीय व्यंगचित्रं काढणारे लंडनचे नामांकित चित्रकार. तेव्हा नावाने परत चित्रांच्या चौकटीत यावं, यात नवल कसलं!

एका पोराच्या अंगावर ही दोन नावं एकत्र यावीत यातही मजा आहे. रहस्यकथेचा पाया पोने १८४१ मध्ये घातला, त्याच्या द्युपाँ या पॅरिसच्या हेराच्या कथेने. १८८७ मध्ये शेरलॉक होम्स पहिल्यांदा अवतरला, तो याच द्युपाँला कमी लेखत. डॉयल स्वतः मात्र पोचं ऋण मोकळेपणाने मानत. आओयामाने गुरू-शिष्यांचा तो वाद एका चष्मिस पोरात मिटवला, असं मी समजतो.

तिसरी शाखा फ्रान्सची. रान या मुलीचं पूर्ण नाव मोरी रान, आणि त्यात लपले आहेत मोरिस लब्लाँ, आर्सेन ल्युपाँ या सभ्य चोराचे जनक. जपानी लोक त्यांना 'मोरिसु रुबुरान' म्हणतात. डोकं आणि शेपटी घ्या, मुलगी तयार. याच लब्लाँनी १९०६ मध्ये आपल्या चोरासमोर थेट शेरलॉक होम्सला उभं केलं होतं. डॉयल यांच्या बाजूने हरकत आली, तसे त्यांनी नावाची आद्याक्षरं इकडची तिकडे करून 'हरलॉक शोल्मेस' केलं आणि कथा चालू ठेवल्या.

रानचे वडील कोगोरो. राम्पोचा सर्वांत गाजलेला गुप्तहेर म्हणजे आकेची कोगोरो, हुशार, रुबाबदार. आओयामाचा कोगोरो मात्र बिअर, घोड्यांच्या शर्यती आणि चुकीचे निष्कर्ष यांत रमलेला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बहुतेक वेळी कॉनन त्याला सुई मारून झोपवतो आणि त्याच्याच आवाजात गुन्हा उलगडून दाखवतो.

बाकीची मंडळी भराभर. आगासा हे शास्त्रज्ञ म्हणजे अगाथा ख्रिस्ती, कारण जपानीत 'थ' नाही, 'स' आहे. इन्स्पेक्टर मेगुरे म्हणजे सिमेनाँचा मेग्रे, फार लपवाछपवी न करता. ओसाकाच्या हेइजीत नोमुरा कोदोचा, नाणी फेकून चोर धरणारा झेनिगाता हेइजी. मोरींच्या कचेरीखाली हॉटेल आहे, त्याचं नाव 'प्वारो'. गावाचं नाव बेइका, म्हणजे बेकर स्ट्रीट. शिनिचीच्या घराचा पत्ता दुसरा विभाग, एकविसावा भूखंड, तेव्हा २२१ डोळ्यांपुढे यायला हरकत नाही. ज्या गोळीने हे रामायण घडलं तिचा क्रमांक ४८६९. जपानीत हे आकडे 'शि-या-रो-कु' असे वाचता येतात. म्हणजे शेरलॉक.

पण मला सर्वांत आवडतं ते हाइबारा आई हे नाव. तीच गोळी बनवणारी आणि तीच घेऊन लहान झालेली ही मुलगी. 'हाई' म्हणजे राख, राखाडी. ते पी. डी. जेम्स यांच्या कॉर्डेलिया ग्रे हिच्यावरून घेतलं. 'आई' आलं सारा पारेत्स्की यांच्या व्ही. आय. वॉर्शॉस्कीमधल्या 'आय'वरून. दोघीही बायकांनी लिहिलेल्या स्त्री गुप्तहेर. हे नाव आगासा सुचवतात, पण 'आई'साठी प्रेमाचं चिन्ह घ्यावं असं ते म्हणतात तेव्हा ती नकार देते आणि त्याच उच्चाराचं दुःखाचं चिन्ह घेते. इतर नावं लेखकाने ठेवलेली वाटतात, ही मुलगी मात्र अर्धं नाव स्वतः ठेवते.

हे सगळं कानावर आणि लिपीवर उभं, त्यामुळे भाषांतरात ते टिकणं अवघडच. अमेरिकेत २००४ मध्ये ही मालिका इंग्रजीत आली तेव्हा कायद्याच्या अडचणीमुळे तिच्या शीर्षकातून 'कॉनन' गेलं. पात्रांचीही नावं बदलली. शिनिचीचा जिमी झाला, रानची रेचल मूर, कोगोरोचा रिचर्ड मूर. लब्लाँ आणि राम्पो दोघेही एका फटक्यात गायब. गोष्ट कळायला काही अडत नाही हे खरं, पण लेखकाने मांडलेला खेळ तिथल्या मुलांपर्यंत पोचलाच नाही, आणि ते मला तरी नुकसानच वाटतं.

पुढे आओयामाच्या उसनवारीची पेढीही बदलली. नंतर आलेली आकाई शुइची आणि आमुरो तोरू ही नावं कुठल्या रहस्यकथेतली नाहीत, ती १९७९ च्या 'गंदाम' या यंत्रमानवांच्या कार्टूनमधली आणि त्यात आवाज देणाऱ्या नटांची. लाल यंत्र चालवणारा शार आणि त्याचा वैरी आमुरो, ही त्यांची मूळ जोडी. राम्पोच्या पिढीने पोकडून घेतलं, टीव्हीपुढे वाढलेल्या पिढीने टीव्हीतून घेतलं. कपाट आता पुस्तकांचंच राहिलेलं नाही, इतकंच.

आओयामाचं गाव तोत्तोरी प्रांतातलं. २०१५ पासून तिथल्या विमानतळाला 'तोत्तोरी वाळूटेकड्या कॉनन विमानतळ' म्हणतात. पॅरिसच्या मायकेल कॉनन यांचं आडनाव सध्या तिथपर्यंत पोचलं आहे.