बांधालगतची चिंचोळी पट्टी

मंडळी, जतचा इतिहास म्हटला की डफळे, संस्थान, 1948 चं विलीनीकरण यांवर बोलणं होतं. मी आज त्याच मुलखातल्या दोन-चार हात जागेविषयी बोलणार आहे: शेताचा बांध आणि त्याला लागून उरणारी वेडीवाकडी पट्टी.

ती आली कुठून? एक, वाटण्यांतून. वर मुरमाड माळ, खाली ओढ्याकाठची काळी जमीन. प्रत्येक भावाला दोन्हींतला वाटा हवा, म्हणून शेत उभं चिरलं जायचं. हॅरॉल्ड मान यांचा पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास 1917 साली छापला गेला; तिथले निम्म्याहून जास्त तुकडे एकराच्या आतले होते. 1947 साली तुकडेबंदीचा कायदा झाला. तुकडे कागदावर थांबले, रानात नाही.

दुसरं कारण बंडिंग. त्यासाठी मुंबई सरकारचा 1942 चा जमीन सुधारणा योजना कायदा होता. पुढं 1972 च्या दुष्काळात अशाच मातीकामांवर लोकांनी पोट भरलं. पण समपातळीचा बांध जमिनीचा उतार बघतो, सातबारा बघत नाही. तो शेतातून तिरका जातो आणि हद्दीशी तिकोनी कोपरा उरतो. तिथं औत वळत नाही.

मग तिथं लावायचं काय? जुन्या लोकांचं उत्तर बारकाईचं होतं. ज्वारीच्या कडेला करडईची तासं. ती वाढली की काटे धरते, मोकाट जनावर आत शिरत नाही, वर घरचं तेल. आणखी कुठं अंबाडी: आधी भाजी, मग दोरखंडाला वाख. बांधाच्या अंगावर मारवेलसारखं गवत, माती धरायला. काहींनी फड्या निवडुंग लावला. हा अमेरिकेहून आलेला पाहुणा कुंपण सोडून रानभर पसरला, आणि शेवटी त्याला खाणारे किडे सोडावे लागले.

झाडाचा प्रश्न भांडणाचा. बाभळीचं लाकूड औताला, शेंगा माडग्याळ मेंढरांना. पण तिच्याखाली ज्वारी खुरटते, आणि सामाईक बांधावर ती दोघांचीही खुरटते. म्हणून माझ्या मते झाडाची खरी जागा तो तिकोनी कोपराच. सावली आपल्याच शेतात पडेल असं बघायचं, म्हणजे शेजाऱ्याला बोलायला जागा राहत नाही.

आता म्हैसाळचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलंय, ट्रॅक्टर आलाय, आणि दर नांगरटीला बांध वीतभर कोरला जातो. ज्याला जमीनच नाही पण चार मेंढरं आहेत, त्याची चराई तेवढीच होती, हे कुणी मोजत नाही.

कोपरा शिल्लक असेल तर बोर लावा. रोप आणू नका, गावठी बी जागेवरच टोका. सोटमूळ खोल जातं. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की उमराणचा डोळा भरा. तोवर भोवती बाभळीच्या काटेरी फांद्या रचा, शेळ्या सोडायच्या नाहीत.