‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे नेमके काय?

पोस्टमॉर्टेमच्या कागदावर ‘अंतिम मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला’ असे वाचले की घरचे घाबरतात. काही लपवले जात आहे का, असे मला बरेच जण विचारतात. बहुतेक वेळा तसे नसते. विषाची शंका असेल तर नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विषशास्त्राच्या तीन शाखांशी तुमचा संबंध येऊ शकतो. रुग्ण जिवंत असताना उपचार करते ती क्लिनिकल शाखा. नमुन्यात कोणता पदार्थ किती आहे हे शोधते ती विश्लेषणात्मक शाखा. त्या उत्तराचा कायद्यासाठी अर्थ लावते ती न्यायवैद्यक शाखा.

उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत. सांगली-साताऱ्याच्या द्राक्ष-उसाच्या पट्ट्यात ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा आम्हाला नवी नाही. भरपूर घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर दिसली की अ‍ॅट्रोपिन सुरू होते. रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी निदानाला आधार देते. पण सगळ्यात लवकर माहिती मिळते ती औषधाच्या डब्यावरून. पोलिसांच्या भीतीने लोक तोच फेकून देतात. कृपा करून डबा लेबलसकट सोबत आणा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा आणि 108 ला फोन करा.

मृत्यू झालाच, तर जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा, यकृताचा आणि मूत्रपिंडांचा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. रक्त वेगळे घेतात. फॉर्मॅलिन वापरत नाहीत, कारण त्याने रासायनिक तपासणीत अडथळा येतो. सीलबंद बाटल्या पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिथे आधी चाळणी तपासणी होते, मग क्रोमॅटोग्राफीसारख्या पद्धतींनी खात्री केली जाते. त्याला कित्येकदा महिने लागतात.

‘विष आढळले नाही’ याचा अर्थ विष नव्हतेच असा होत नाही. काही विषे शरीरात लवकर मोडतात, काही नेहमीच्या तपासणीत पकडलीच जात नाहीत. अनंत चिंतामण लागू खटल्यात 1956 साली पुण्याहून मुंबईला नेलेल्या महिलेचा मृत्यू झाला. व्हिसेऱ्यात विष सापडले नाही. तरीही परिस्थितीजन्य पुराव्यावरून सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये खुनाची शिक्षा कायम केली.

रिपोर्ट तुमच्या घरी येत नाही, तो पोलिसांकडे जातो. तो पाहून डॉक्टर अंतिम मत देतात. म्हणून अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात अधूनमधून चौकशी करा. फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्याचा मृत्यू झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेबद्दल कृषी सहायकाला लगेच विचारा. तिथे पोस्टमॉर्टेमबरोबर रासायनिक विश्लेषणाचा अहवालही मागतात. अहवाल यायचा आहे म्हणून अर्ज मात्र लांबवू नका.